फुटाळ्याचे रात्रीचे फोटो: दिवे फुटतात, कडा दुहेरी येतात

तर्रीपोहे:
नागपुरात फुटाळा तलावाच्या चौपाटीवरून रात्री नऊनंतर समोरचे दिवे आणि पाण्यातलं प्रतिबिंब टिपायचंय. क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, 18-55 किट लेन्स, हलका अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड. सेटिंग 30 सेकंद, एफ/5.6 (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400. दिव्यांचे पांढरे गोळे होतात, आकाश मातकट केशरी येतं, झूम केलं की कडा दुहेरी. शिवाय फ्रेममध्ये हिरवट ठिपके तरंगतात. लेन्स बदलू का?

झिरोमाइल:
लेन्सला हात लावू नका भाऊ, पुढे यूव्ही फिल्टरची काच लावली असेल तर आधी ती काढा. हिरवट ठिपके म्हणजे दिव्यांचीच भुतं. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. ओळखायची खूण: फ्रेमच्या मध्यबिंदूतून रेघ ओढा, दिव्याच्या बरोबर समोरच्या बाजूला ठिपका सापडेल.

दुसरं, नऊ वाजता जाऊच नका. तेव्हा आकाशात निळं काही उरत नाही, शहराचा उजेड धुळीवर पडून दिसतो तोच तुमचा मातकट रंग. सूर्य मावळल्यावर साधारण 15 ते 30 मिनिटं आकाश आणि दिवे यांचा उजेड तोलात असतो. आपल्याकडे संधिप्रकाश झटपट सरतो आणि डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास जातो. म्हणजे पाचलाच ट्रायपॉड मांडून, फ्रेम ठरवून तयार राहायचं.

सुरुवात आयएसओ 100, एफ/8, 8 सेकंद, फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली). हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटला तर वेळ अर्धी करा. दिव्याचा गाभा थोडा जळणारच, त्याभोवतीची भिंत जळायला नको. ट्रायपॉड न हलवता 2, 8 आणि 30 सेकंद असे तीन घेतले तर नंतर जोडता येतात. अंधार वाढला की अंदाज घ्यायला आयएसओ 3200 वर चाचणी घ्या: तिथे अर्धा सेकंद बरोबर आला, तर 100 वर 16 सेकंद.

दिव्यांना चांदणीसारखे किरण हवे असतील तर एफ/11. एफ/16 च्या पुढे क्रॉप सेन्सरवर सगळंच मऊ पडतं, त्या वाटेला जाऊ नये.

वऱ्हाडी_लेन्स:
दुहेरी कडा म्हणजे हादरा. रस्त्याच्या कडेला जड गाडी गेली की जमीन थरथरते आणि हलका ट्रायपॉड ते उचलतो. मधली दांडी खालीच ठेवा, सर्वांत बारीक पाय शेवटी उघडा, कठड्याला टेकवू नका. बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर वाऱ्याने झुलून तीच हलवते. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरा सावरणारी सोय) बंद. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघणं) आणि 2 सेकंदांचा टायमर लावला की आरसा आणि बोट दोन्हींचा धक्का जातो. फोकस दूरच्या दिव्यावर लाइव्ह व्ह्यूत 10 पट मोठं करून हाताने लावा. व्ह्यूफाइंडरही झाका, मागून आलेला उजेड आत शिरतो.

तर्रीपोहे:
फिल्टर काढून पाहतो. प्रतिबिंब आरशासारखं यायला 30 सेकंद लागतातच ना? आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवू?

झिरोमाइल:
नाही. लाटा असल्या की लांब एक्स्पोजरमध्ये त्यांची सरासरी होऊन दिव्यांचे उभे पट्टे येतात. तेही सुंदर दिसतात, पण आरसा फक्त वारा पडल्यावरच मिळतो. त्यासाठी नागपुरातलाच गांधीसागर तलाव करून पाहा: चौकोनी तळं, दगडी काठ, मधलं बेट. फ्रेम आपोआप बांधली जाते.

नॉइज रिडक्शन संध्याकाळी बंद. 30 सेकंदांच्या फोटोमागे कॅमेरा ठिपके वजा करायला आणखी 30 सेकंद अडकतो आणि तेवढ्यात निळाई निघून जाते. एप्रिल-मेच्या उकाड्यात सेन्सर तापून लाल-निळे ठिपके जास्त येतात. तेव्हा शेवटी झाकण लावून त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळेची एक काळी फ्रेम घ्या आणि घरी ती वजा करा.

वऱ्हाडी_लेन्स:
फुटाळ्याची रंगीत कारंजी चालू असतील तर हे सगळं विसरा. अर्धा ते 1 सेकंद, त्यापुढे धारांचं धुकं होतं. रंग दर क्षणाला बदलतात म्हणून व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) 4000 केल्व्हिनला बांधून ठेवा. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये येत असेल तर झाकण लावा, सेन्सर जळू शकतो.