गडद निळ्या गाडीला चकाकी हवीय: वॅक्स घेऊ, पॉलिश घेऊ की सिरॅमिक?

निळी_स्विफ्ट, अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. २०१५ ची स्विफ्ट आहे, गडद निळी. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या यजमानांकडून घेतली. अंबाजोगाई ते केज रोजचं जाणं-येणं मी हिच्यावरच करते, गाडी शिकलेही हिच्यावरच, त्यामुळे जीव आहे तिच्यावर. सावलीत छान दिसते. पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात आणि निळा रंग राखाडी वाटायला लागतो. टपावर पाण्याचे पांढरे डाग आहेत, ते धुऊनही जात नाहीत.

मागच्या दिवाळीत एका वॉशिंग सेंटरवर १२०० रुपये देऊन मशीनने रबिंग-पॉलिश करून घेतलं. घरी आणली तेव्हा आरशासारखी होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, नवी घेतली का म्हणून. तीन-चार वेळा धुतली आणि सगळं होतं तसंच. वर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरं काहीतरी वाळून बसलंय ते वेगळंच.

आता मलाच करायचंय. लातूरला दुकानात गेले तर भिंतभर बाटल्या. कंपाउंड, पॉलिश, कार्नौबा वॅक्स, सीलंट, सिरॅमिक स्प्रे. फरक विचारला तर दुकानदार म्हणाला, "कोणतीही न्या ताई, चमकतेच." मी काहीच न घेता परत आले.

माझ्याकडे २५०० रुपये आणि दोन रविवार आहेत. पाणी बोअरचं, जड. नळ आठवड्यातून एकदा. गल्लीतला एक मुलगा रोज सकाळी सुका फडका मारून जातो. रविवारी मी आरओचं वाया जाणारं पाणी बादल्यांत साठवून त्याने धुते. हंगामात साखर कारखान्याची राख पडते ती निराळी. काय घेऊ, आणि आधी काय लावू?

उमरगा_टुरिस्ट

ताई, मी वीस वर्षं गाड्या चालवतो. एवढा खर्च कशाला करताय? बादलीभर पाण्यात झाकणभर डिझेल टाका आणि त्याचा फडका मारा. आमचे वडील ॲम्बेसेडरला हेच करायचे, लग्नाच्या वरातीत गाडी चमचम करायची.

जालना_पेंटर

ताई, मी जालन्यात २२ वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. तुमचं सगळं नीट वाचलं. बाटल्यांचं नंतर बोलू, आधी दोन गोष्टी आजपासूनच बंद करा.

पहिली, तो सुका फडका. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या रानाची माती, त्यात बारीक खर असते. हंगामात वरून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख. रात्रभर ती बसते आणि सकाळी पोरगं तीच गोल गोल घासतं. ते कोळ्याचं जाळं त्यानंच विणलंय, रोज थोडं थोडं. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलं नसणार.

दुसरी, आरओचं वाया जाणारं पाणी. पाणी वाचवायची तुमची तळमळ समजते. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण कुणीच विसरलो नाही. पण आरओ काय करतो, चांगलं पाणी तुम्हाला देतो आणि त्यातला क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतो. म्हणजे ते पाणी तुमच्या बोअरपेक्षाही जड. उन्हात वाळलं की चुना मागं राहतो, तेच टपावरचे डाग. ते पाणी फरशीला, संडासाला वापरा. घरात एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणी साठवा, त्यात क्षार जवळजवळ नसतो. शेवटचा हात त्या पाण्याचा द्या. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी त्याच कामाला येतं.

आता चकाकी. रंग चमकतो म्हणजे काय होतं, तर उजेड सपाट पृष्ठभागावर पडून एका दिशेनं परत फिरतो. ओरखड्यांत तो विखुरतो, म्हणून निळ्याचा राखाडी दिसतो. गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १००-१२५ मायक्रॉन जाड असतो आणि त्यातलं वरचं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉन. माणसाच्या केसापेक्षा पातळ. ओरखडे बहुतेक त्या क्लिअरमध्येच असतात. ते घालवायचे म्हणजे आजूबाजूचं क्लिअर त्यांच्या तळापर्यंत खाली आणायचं. कंपाउंड तेच करतं. त्यामुळे आयुष्यात किती वेळा कंपाउंड मारायचं हे मोजूनच ठरवावं लागतं.

दिवाळीला तुमच्या गाडीला बहुधा तेलकट भराव असलेलं पॉलिश मारलं असणार. ते ओरखडे झाकतं, काढत नाही. धुण्यात भराव गेला, ओरखडे वर आले. आणि पट्ट्यांवर टेप न लावता मशीन फिरवली म्हणून पांढरं बसलं. मऊ टूथब्रश आणि शाम्पूच्या पाण्यानं घासून बघा, नाही निघालं तर साधा पेन्सिलचा खोडरबर हलक्या हातानं फिरवा.

दुकानातल्या भिंतीचं सांगतो. कंपाउंड आणि पॉलिश कापतात, एक जाड, एक बारीक. वॅक्स, सीलंट, सिरॅमिक स्प्रे कापत नाहीत, वरून पांघरूण घालतात. ओरखड्यांवर कितीही महाग पांघरूण घातलं तरी खाली ओरखडे आहेतच. दुकानदारानं हा एक फरक सांगितला असता तर तुम्ही रिकाम्या हातानं परत आला नसता. ह्या एका गोष्टीवर लोकांचे फार पैसे बुडताना बघतो मी, म्हणून जीव तोडून लिहितोय.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. गाडी सावलीत, बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. आधी नुसत्या पाण्यानं धूळ उतरवा, मग शाम्पू. दोन बादल्या, एक शाम्पूची, एक हातमोजा खंगाळायची. ह्या एका वेळी भांड्याचा साबण चालेल, जुनं वॅक्स निघून जातं, एरवी तो लावू नका. टपावरच्या डागांवर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून लावा, दोन मिनिटांनी भरपूर धुवा. त्यानं चुना विरघळतो. तरीही कडा दिसत राहिली तर डागानं क्लिअर खाल्लंय, ते पॉलिशलाच येईल.

मग पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून हात फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून कळते. खरखर असेल तर क्ले बार घ्या, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, शाम्पूच्या पाण्यानं ओला ठेवून सरळ रेषेत फिरवा. खाली पडला तर तो तुकडा टाकून द्या, धुऊन परत वापरू नका. आमच्या जालन्यात स्टीलच्या भट्ट्या आहेत, इथं पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके येतात, लोखंडाचा चुरा बसून गंजतो. आम्हाला लोखंड काढणारा स्प्रे आधी मारावा लागतो. लोखंडाला लागला की जांभळा होतो, वास मात्र सडक्या अंड्याचा. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही, तेवढे पैसे वाचवा.

नंतर बारीक पॉलिश. कंपाउंड नको, एकदा मशीन फिरलीय, क्लिअर किती उरलंय ते मोजलेलं नाही. मेग्वायर्सचं अल्टिमेट पॉलिश किंवा थ्रीएमचं, सोनॅक्सचं त्याच जातीचं चालेल. फोमच्या गोल पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, मग मायक्रोफायबरनं पुसा. आधी बॉनेटच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून उन्हात बघा. पॅडवर निळा रंग आला तर थांबा आणि इथं लिहा, म्हणजे तिथं क्लिअर उरलेलं नाही. दाराच्या, बॉनेटच्या कडांवर टेप लावा, कडेला रंग सगळ्यात पातळ असतो.

उमरगेकर भाऊ, तुमच्या वडिलांच्या ॲम्बेसेडरला तेव्हाचा रंग होता, वर क्लिअर नव्हतं, कोरड्या पडलेल्या रंगाला तेल लावलं की तो उजळायचा. आता डिझेलचा थर राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या फडक्याला तीच धूळ घासते. रबराच्या पट्ट्याही फुगतात.

निळी_स्विफ्ट, अंबाजोगाई

दादा, कुणी एवढं कधी सांगितलंच नव्हतं. फडका आजच बंद केला. शेवटी पांघरूण कोणतं घालू तेवढं सांगा. दुकानदार म्हणतो सिरॅमिक ९ एच असतं, दगड लागला तरी ओरखडा येत नाही.

जालना_पेंटर

ताई, ते ९ एच पेन्सिलीच्या टोकाचं माप आहे. पेन्सिलीचं शिसं किती कडक, त्यानं ओरखडा येतो का, एवढंच त्यात बघतात. दगडाचा त्याच्याशी संबंध नाही. खरं सिरॅमिक कोटिंग चांगलं असतं, पाणी आणि घाण धरत नाही, पण ते लावायच्या आधी ओरखडे पूर्ण काढावे लागतात. नाहीतर ओरखडे वर्षानुवर्षं खाली बंद होतात. तुमच्या २५०० त ते बसतही नाही.

कार्नौबा ब्राझीलच्या ताडाच्या पानाचं मेण आहे. गडद रंगावर त्याची खोल चकाकी मला स्वतःला सगळ्यात आवडते. लग्नाच्या गाडीला मी तेच लावतो. पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर उभ्या गाडीवर ते महिना-दीड महिना टिकतं. तुम्ही रोज केजला जाता, गाडी दिवसभर उन्हात. तुम्हाला सीलंट, म्हणजे कृत्रिम मेण, घ्या असंच सांगेन. माझ्या अनुभवात चार महिने जातं. पातळ लावा. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, पुसायचाच त्रास. वर दर तीन-चार धुण्यांनंतर सिरॅमिक स्प्रेचा हलका हात दिला तर दिवाळीपर्यंत बघायला नको.

आणि मायक्रोफायबर चार तरी घ्या. पैसे कमी पडले तर पॉलिशची लहान बाटली घ्या, पण कापडात काटकसर करू नका.

निळी_स्विफ्ट, अंबाजोगाई

दोन रविवार झाले, म्हणून लिहितेय. शाम्पू, क्ले, पॉलिश, सीलंट, दोन पॅड आणि चार कापडं मिळून २३४० रुपये. पहिल्या रविवारी धुणं आणि क्ले. पिशवी घालून हात फिरवला तेव्हा वाळूचा कागद असावा तसं लागलं, क्लेनंतर काच. क्ले पिवळट काळा झाला होता, मला ते बघून वाईटच वाटलं. टपावरचे डाग व्हिनेगरने बरेच गेले, मधले चार-पाच राहिलेत.

दुसऱ्या रविवारी सहा वाजता सुरू केलं, अकराला बॉनेट, टप आणि दोन दारं झाली. पॅडवर निळा आला नाही. खांदे भरून आले. जाळं पूर्ण गेलेलं नाही, शोधलं तर दिसतं, पण आता उन्हातही गाडी निळी दिसते. डाव्या मागच्या दाराची कड मात्र हाताला वेगळी लागते, तिथे टेप लावून मी पॉलिश फिरवलंच नाही.

गल्लीतल्या मुलाचे महिन्याचे पैसे चालूच ठेवलेत. त्याला रोजऐवजी आठवड्यातून दोनदा यायला सांगितलंय, दोन बादल्या आणि हातमोजा देऊन. काल त्याने स्वतःहून विचारलं, एसीचं पाणी शेवटच्या हाताला ठेवू का.