टेन्शन गेजवर सगळीकडे ७५, तरी टॉमचा आवाज लहरतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड ड्रमसेट घेतला. टॉम (सेटमधले घुमणारे ड्रम) १०, १२ आणि १६ इंची. संध्याकाळी दोनदा ठोकलं की खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून येतात, त्यामुळे कानाने निवांत ट्यून करणं जमत नाही. म्हणून डायलवाला टेन्शन गेज मागवला. हेडवर (ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर) ठेवायचा, काटा बघायचा, चावी फिरवायची. आवाज शून्य! पहिल्या दिवशी वाटलं, सुटलो.

आता अडचण. १२ इंचीच्या सहाही लगजवळ (कडेचे ताणाचे बोल्ट बसतात तिथे) काटा ७५ वर आणला, समोरासमोरच्या जोड्या घेत, पाव-पाव फेरा देत. तरी रविवारी वाजवला तर सरळ ‘डूम’ यायच्या ऐवजी ‘डुंव्व-व्व’. दोन नंबरच्या लगजवळ टिचकी मारली की तिथे सूर उतरलेला स्पष्ट कळतो. काटा मात्र ७५ वर ठाम.

शिवाय १० इंचीलाही ७५च लावलंय, तेच हेड, तरी तो बराच चढा बोलतो. आकडा सारखा तर सूर सारखा का नाही? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
आधी गेज टीपॉयच्या काचेवर ठेवून बघा. बहुतेक डायलवाल्यांत काटा १०० वर यायला हवा. आणि गेज कडेपासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर ठेवताय ना? कडेजवळ सरकला की आकडा चढतो.

धागाकर्ता
काचेवर ९७ आला, चकती फिरवून १०० केला. पण तीनची चूक सगळीकडे सारखीच असणार, मग एकच लग का बिघडलाय? अंतरासाठी सोबत आलेली पट्टी रिमला (हेड दाबून धरणाऱ्या कड्याला) टेकवूनच मोजतो.

प्रतिसाद २
रिमला टेकवता, तिथेच घोळ असेल. हेड ताणलं जातं ते शेलच्या (ड्रमच्या गोल अंगाच्या) धारेवर, रिमवर नव्हे. रिम एका बाजूला सरकून बसली असेल तर तुमची पट्टी फसते. जिथे रिम आणि शेलमध्ये फट जास्त, तिथे गेज धारेच्या जास्त जवळ जातो आणि हेड सैल असूनही आकडा भरतो. कडेने नखाएवढी फट सगळीकडे सारखी आहे का बघा.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गेज ताण मोजतो, सूर नाही. एकाच ताणाला लहान हेड चढंच बोलणार. गंमत बघा: तीनही टॉमना एकसारखं हेड आणि एकसारखा ताण धरला, तर सूर व्यासाच्या उलट प्रमाणात जातो. १६ इंचीला सा म्हटलं तर १२ इंची शुद्ध मध्यम आणि १० इंची कोमल धैवत! हे कागदावरचं. खऱ्या ड्रममध्ये आतली हवा आणि खालचं हेड थोडं इकडेतिकडे करतात. दोन थरांचं जाड हेड घातलंत तर त्याच आकड्याला सूर आणखी उतरेल.

म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊन काही होत नाही. ड्रमडायल आणि टामाचा टेन्शन वॉच या दोन गेजचे आकडेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याला आवडलेला आवाज एकदा कानाने लावा, मग आकडे वहीत लिहा. हेड बदललं की त्या आकड्यांवर परत यायचं, गेज त्यासाठी. थेट सूरच मोजायचा असेल तर रिमला लावायचा ट्यून-बॉट वेगळा.

प्रतिसाद ४
गेज विका आणि कान तयार करा. तबलजी सोळा घरं हातोडीने मिळवतात, तुम्हाला सहा लग जड?

धागाकर्ता
@४, काकूंना येऊन सांगता का?

@२, अगदी तेच निघालं! दुसऱ्या लगपाशी फटीत पोस्टकार्ड आरामात जात होतं आणि समोर पाचव्यापाशी रिम शेलला चिकटलेली. सगळे रॉड (लगमधले बोल्ट) सैल केले, हेड मधोमध बसवलं, आधी सगळे बोटांनीच घट्ट केले, मग चावी लावली. आता ७५ ला सरळ ‘डूम’ येतोय. पाचवा लग किंचित चढा वाटत होता, तो कानाने जरा उतरवला. काटा तिथे ७४ दाखवतो, दाखवू दे.

एक राहिलंच. स्नेअरच्या (खाली तारा लावलेल्या ड्रमच्या) खालच्या हेडवर गेज ठेवला तर चालेल का? फारच पातळ आहे, हात लावायचीच भीती वाटते.

प्रतिसाद २
चालेल. तारा सोडून बाजूला घ्या आणि गेज अलगद ठेवा, वरून दाबू नका. तारांसाठी धारेला जिथे खाच दिलेली असते तिथलं माप धरू नका, ते वेगळंच येतं.