नाताळच्या सुट्टीत पोरांना दुसऱ्या धर्माच्या घरी न्यावं का?

विश्रामबागकर
सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या भागातल्या शाळेत पोरं लाल टोप्या घालून नाचली, केक खाल्ला, संपलं. यातून नाताळ काय कळला? आणि सांगलीपासून मिरज ती किती लांब! वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल काढलं. मराठी ख्रिस्ती कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्याकडे नाताळला आपल्यासारख्याच करंज्या-शंकरपाळ्या होतात, उपासनेत ना. वा. टिळकांची पदं म्हणतात. मला वाटतं, या सुट्टीत प्रत्येक आईबापानं पोरांना वेगळ्या धर्माच्या एका तरी ओळखीच्या घरी न्यावं. नुसतं बघून यायचं नाही. बसायचं, विचारायचं, कामाला हात लावायचा.

अभंगवेडा
साफ विरोध. याच महिन्यात दत्तजयंती असते. इथून औदुंबरला पोरांना किती जण नेतात? हरिपाठाचा पहिला अभंग धड म्हणता येत नाही आणि निघाले दुसऱ्याचं शिकायला! टिळकांचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, त्यांच्या पदांत गोडवा आला तो तुकोबा मुरले होते म्हणून. आधी घरचं पक्कं करा.

मिरजेची लेक
मी ख्रिस्ती, जन्म मिरजेतलाच. नाताळला माणसं घरी येतात ते आवडतं, आई दोन दिवस आधीपासून तळणाला बसते. पण पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "तुमचं आडनाव मराठी कसं हो?" आम्ही काय प्रदर्शनात मांडलेले आहोत का? २५ डिसेंबरला केक खायला घर भरतं, गुड फ्रायडेला एक शेजारी फिरकत नाही. मोहरमचंही तेच. करबलाच्या हौतात्म्याचा तो शोक, आणि आपल्या ग्रुपवर 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' फिरतात. शिकायचंच असेल तर आमच्या दुःखाच्या दिवशी या.

कडेगावकर
ताई, शुभेच्छांचं अगदी खरं. आमच्या कडेगावात मोहरमला कळकाचे उंच ताबूत उठतात, त्यांच्या भेटी बघायला सगळा जिल्हा लोटतो आणि त्यात हिंदू घरांचाही मान असतो. मला तिथे कुणी 'दुसऱ्याचा धर्म शिक' म्हणून नेलं नाही. ताबूत उचलायला माणसं लागतात, वडील गेले, मागनं मी गेलो. २०१८ ते २०२० सलग तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले. आमच्याकडे दोन्हीकडे राबणारी पोरं बरीचशी तीच. अशी सवय सुट्टीतल्या एका भेटीनं लागत नाही.

अभंगवेडा
कडेगावकर, तुमच्या गावाबद्दल आदरच आहे. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ते आपसूक झालं. ठरवून, वेळ काढून करायला गेलं की त्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात.

गावभागातला जैन
आपसूक काही होत नसतं, दादा. आमचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं, म्हणजे ऐन गणपतीत. शेजारच्या काकू त्या दिवसांत प्रसाद दिवस मावळायच्या आत आणून देतात, कारण नंतर आम्ही जेवत नाही. पंचामृतात मध घालायच्या आधी आमची वाटी बाजूला काढतात. पहिल्या वर्षी त्यांनी आईला दारात थांबवून "तुम्हाला काय चालतं, काय नाही?" असं विचारलं होतं. ठरवूनच विचारलं ना? आणि त्यांचा रोजचा हरिपाठ कधी चुकला नाही. दोन्ही जमतं.

विश्रामबागकर
ताई, तुमचं म्हणणं पटलं. नाताळला तर येईनच, पण गुड फ्रायडेच्या उपासनेला बाहेरची माणसं आलेली चालतात का? किती वेळ असते?

मिरजेची लेक
जरूर या. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन असते. येशूनं क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो, मधे गाणी होतात. मागच्या बाकावर बसा, पोरं कंटाळली तर अधूनमधून बाहेर नेलं तरी कुणी काही म्हणत नाही. फोटो मात्र नकोत.

अभंगवेडा
फोटो नकोत हे चांगलं. तरी आठ-दहा वर्षांच्या पोराला तीन तास दुसऱ्याच्या शोकात बसवणं मला पटत नाही. सोळाचा झाला आणि स्वतःहून म्हणाला, तर मी अडवणार नाही.