कायदा आहे, कलम ४ उघडून बघा

दादा, धोरणामागचा शास्त्रीय पुरावा मांडायला लावणारा कायदा आपल्याकडे नाहीच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ बघा. महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित सगळी तथ्यं सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करायची आहेत, कोणी अर्ज करायची वाट न बघता.

सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला. आमच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून आहे, कमरेच्या वर. नाल्यावरच्या बांधकामाचा तांत्रिक अहवाल मागायला गेलो तेव्हा एका कार्यालयात ‘अर्ज टाका, मग बघू’ म्हणाले. अरे, तो आधीच लोकांसमोर हवा होता! नीरीसारखी पर्यावरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून याच नागपुरात आहे. अभ्यास करणारे आहेत, अहवाल फायलीतून बाहेर येत नाहीत.