पॉवर्ड आर्मरवाल्या सैनिकाच्या हातात काय देऊ? (शॉर्टफिल्म, बजेट ४०००)

निफाडकर_११
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून १२ मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. साल २०८०, यांत्रिक चिलखत घातलेले दोन सैनिक धरणाच्या भिंतीवर पहारा देतायत. चिलखत झालंय, जिमच्या मॅटचा इव्हा फोम हीट गनने वाकवून, लांबून पत्रा वाटतो आणि जवळून मॅट. आता हत्यार पाहिजे. स्टोरीत ते प्रायोगिक आहे, म्हणजे नुकतंच ट्रायलला दिलेलं, अजून धड चालत नाही असं. बजेट ४००० (चार हजार, रंगासकट), वजन ३ किलोच्या आत कारण माझा चुलतभाऊ ते दिवसभर धरणार आणि तो आत्तापासूनच कुरकुरतोय. शूटिंग २० दिवसांनी. त्यातून काही उडायला नको, फक्त बघणाऱ्याला पटायला पाहिजे.

प्रिंटर_पंडित
थ्रीडी प्रिंटर घे, विषय संपला. मी मागच्या दिवाळीत २८ हजारांना घेतला, आजपर्यंत बायकोचे सगळे टोमणे वसूल झालेत. बंदुकीचं मॉडेल बनवायचं, आठ तुकड्यांत प्रिंट करायचं, चिकटवायचं. फिनिशिंग असं येतं की दुकानदार विचारतात कुठून आणली.

निफाडकर_११
दादा बजेट ४००० आहे.

प्रिंटर_पंडित
हो पण प्रिंटर नंतरही कामाला येतो ना.

थर्माकोल_पीडित
प्रिंट चांगलंच पण मे महिन्यात गाडीत ठेवू नका. पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, माझी रायफल डॅशबोर्डवरून काढली तर केळ्यासारखी वाकलेली. आणि हो, नावावरून कळलंच असेल, थर्माकोलवर थेट स्प्रेपेंट मारायचा नाही. मी गणपतीच्या मखरावर मारला, अर्ध्या तासात खांबांना खड्डे. आधी फेविकॉल पाण्यात कालवून दोन-तीन हात द्यायचे, कडक वाळू द्यायचं, मगच रंग.

अर्धा_इंजिनियर
सगळे मटेरियल सांगतायत, हत्यार काय ते कोणी ठरवलंच नाही. आधी हा विचार करा की चिलखतामुळे सैनिकाला असं काय जमतं जे साध्या माणसाला जमत नाही. वजन उचलता येतं आणि धक्का सोसता येतो, एवढंच. सहा नळ्यांची मिनीगन सगळ्यांना आवडते, पण हिशोब करा. मिनिटाला ६००० गोळ्या म्हणजे सेकंदाला १००. ७.६२ मिमीचं एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं, म्हणजे सेकंदाला अडीच किलो. दहा सेकंद दाबलं की २५ किलो माल संपला, मागे गोणी घेऊन दुसरा माणूस पाहिजे. धक्का एका गोळीचा ११-१२ न्यूटन-सेकंद धरला तर शंभराचा मिळून एकशेवीसेक किलोचं वजन सतत छातीवर रेललेलं. चिलखत ते सोसेल हो, पण धरणाच्या ओल्या भिंतीवर पाय सरकेल त्याचं काय.

काका_वरणगाव
३१ वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत काढली, काडतुसं आमच्याच हाताखालून गेली. या मुलाने काडतुसाचं वजन बरोबर सांगितलं, शाबास. पण रिकाम्या पितळेचं काय? सेकंदाला शंभर तापलेल्या केस (काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या) बाहेर पडणार, त्या चिलखताच्या गुडघ्याच्या सांध्यात गेल्या की जवान जागेवरच अडकला. सिनेमावाले हे कधीच दाखवत नाहीत. पोरांनो, केस कुठे पडते ते आधी ठरवा, मग नळी काढा.

सोलापुरी_चादर
काका मग केसलेस घ्या ना. जर्मनांनी जी-११ रायफल केली होती, ४.७३ मिलीमीटर, केसच नाही, दारूच्या ठोकळ्यात गोळी.

काका_वरणगाव
केली होती, पण केस नुसती कचरा नसते रे बाबा. बाहेर पडताना ती बरीच उष्णता सोबत घेऊन जाते. ती नसली की नळी तापते आणि गोळी आपोआप उडते. त्यांना त्या दारूवर वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

मराठीच_बोला
शीर्षकात "पॉवर्ड आर्मर" का? "शक्तिकवच" असा सुरेख शब्द होतो.

सोलापुरी_चादर
शक्तिकवच म्हणजे शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर मिळतं ते.

मराठीच_बोला
हसा. म्हणूनच भाषा मागे आहे.

प्रिंटर_पंडित
रेलगन कर भावा, विजेच्या जोरावर गोळी फेकणारी. दोन चौकोनी पट्ट्या, मध्ये निळा एलईडी, ना दारू ना केस. एसटीएल फाईल (प्रिंटरला द्यायचं मॉडेल) माझ्याकडे आहे, प्रिंट करून देतो, फिलामेंटचे म्हणजे प्लास्टिकच्या तारेचे ३२०० आणि माझा वेळ म्हणून जे द्यायचं ते.

अर्धा_इंजिनियर
रेलगनला धक्का बसत नाही असं ज्याला वाटतं त्याने न्यूटनला जाऊन भेटावं. अमेरिकन नौदलाने २०१० ला ३३ मेगाज्यूलचा बार काढला, पण जहाजावर बसवायच्या तोफेसाठी, आणि २०२१ ला गाशा गुंडाळला. नळीची झीज हे मोठं दुखणं. माणसाच्या हातातल्या रेलगनला अडचण बॅटरीत किती ऊर्जा मावते याची नाहीच, ती क्षणात बाहेर कशी काढायची याची आहे, त्याला कपॅसिटर (वीज साठवून एका झटक्यात सोडणारे) लागतात आणि ते जड. म्हणजे दाखवायचीच असेल तर पाठीवर मोठा डबा, जाडजूड केबल, आणि प्रत्येक बारानंतर थांबणं. ते थांबणं स्टोरीत वापरा, फुकट आहे.

सोलापुरी_चादर
धक्का नको तर कार्ल गुस्ताफ, खांद्यावरून डागायची तोफ. ८४ मिमी, धक्का जवळपास शून्य, आपल्या सैन्यातही आहे.

अर्धा_इंजिनियर
शून्य कारण तेवढाच भडका मागून निघतो. दोन सैनिक धरणाच्या अरुंद भिंतीवर एकामागे एक उभे, पुढच्याने बार काढला की मागचा भाजून निघाला.

सोलापुरी_चादर
मग छोटं रॉकेट. १९६० च्या दशकात अमेरिकेत जायरोजेट म्हणून पिस्तूल निघालेलं, १३ मिमीचं रॉकेट उडवायचं. धक्का नाही, केस नाही. हे तरी चालेल का साहेब?

अर्धा_इंजिनियर
हे चांगलं आहे खरं. मजा म्हणजे ते नळीतून हळू निघून पुढे वेग घ्यायचं, म्हणजे शत्रू जितका जवळ तितका सुरक्षित. प्रायोगिक हत्याराला असाच दोष हवा.

थर्माकोल_पीडित
एक राहिलं. काहीही बनवलंत तरी उघड्यावर घेऊन फिरू नका. आम्ही लाकडी रायफल चादरीत गुंडाळून बसने नेत होतो, नळी बाहेर आली, दोन तास बसवून ठेवलं आणि घरून वडिलांना बोलावलं. वडील अजून तो विषय काढतात. आणि धरणावर शूटिंगला परवानगी लागते, बंदूक दिसली तर विचारूच नका. आधी पत्र घ्या.

निफाडकर_११
परवानगीचं लक्षातच नव्हतं, गावच्या बंधाऱ्यावर करतो मग. बरं, अजून एक अडचण. फोमचे हातमोजे इतके जाड झालेत की बोट ट्रिगरच्या कडीत शिरतच नाही. भाऊ बंदूक घमेल्यासारखी धरतोय.

काका_वरणगाव
अरे हीच तर खरी गोष्ट. एम-१६ रायफलची ट्रिगरखालची पट्टी खाली उघडते, का? तर बर्फातले जाड मोजे घालून बोट आत जावं म्हणून. तू कडी ठेवूच नकोस. मुठीत दाबायचा दांडा दे, सायकलच्या ब्रेकसारखा. आणि ट्रायलचा माल चकाचक नसतो. नळीला चिकटपट्टीने सेन्सर लावलेला, वायर लोंबतेय, मार्करने नंबर टाकून खोडून पुन्हा टाकलेला, कुठेतरी कोणाची तरी सही. तेवढं केलंस तरी लोकांना पटेल. बाकी मारायचीच हत्यारं पाहिजेत असंही नाही. १९९५ ला सोमालियात अमेरिकन मरीन चिकट फेस मारणारी बंदूक घेऊन गेले होते, समोरच्याला जागेवर चिकटवून ठेवायचं. नाकातोंडात गेला तर गुदमरायचा आणि अंगावरून निघता निघत नाही, म्हणून मागे पडलं.

प्रिंटर_पंडित
फेस कोण बघणार काका. रेलगनच. आणि ३२०० नाही, तुझ्यासाठी २९००.

अर्धा_इंजिनियर
मी जायरोजेटवर ठाम.

निफाडकर_११
सगळ्यांचे आभार, पण ठरलं. काकांचा फेस वाचला आणि अंगणात आलो तर समोर पाठीवरचा फवारणी पंप पडलेला. टाकी पाठीला, नळी काखेतून पुढे, दांड्याला मुठीत दाबायची पितळी पट्टी, मोजा घालून आरामात दाबता येते! वजन सगळं पाठीवर, बॅटरी काढली की भावाला काही वाटतच नाही. आमचे सैनिक मारत नाहीत, धरणावर चढणाऱ्यांना चिकटवून ठेवतात, आणि फेस नोझलमध्येच सुकून जाम होतो हा त्याचा दोष. तोच पहिला सीन.

सोलापुरी_चादर
अरे लोक हसतील, २०८० मध्ये द्राक्षांच्या भुरीवर औषध मारायला आलेत म्हणतील.

अर्धा_इंजिनियर
निफाडमध्ये तर नक्कीच. प्रत्येकाच्या घरी तोच पंप आहे, पहिल्या फ्रेममध्ये ओळखतील. किमान आकार तरी मोडा.

थर्माकोल_पीडित
औषधाचा पंप असेल तर टाकी, नळी, नोझल सगळं साबणाने तीनदा धुवा आणि ते पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका. पट्टे तर टाकूनच द्या, घामाने अंगाला लागतं. नवे लावा.

काका_वरणगाव
मी चिकट फेस उगाच बोललो. रायफल केली असतीस तर बरं दिसलं असतं.

निफाडकर_११
हिशोब: पंप फुकट, नवे पट्टे २६०, काळा पाईप ३४०, क्लॅम्प ८०, रंग आणि पिवळी-काळी टेप ४६०. एकूण ११४०. टाकीला फोमच्या पट्ट्या लावून आकार मोडलाय, मार्करने नंबर टाकून दोनदा खोडलाय, सही काकांच्या नावाने केलीय. फेस म्हणून दाढीचा फोम, त्याचे अजून धरले नाहीत. तीनदा धुवूनही गंधकाचा वास काही जात नाही, भाऊ म्हणतो त्याने मूड येतो. घाई एकच, आईने सांगितलंय की छाटणी सुरू व्हायच्या आत पंप होता तसा परत पाहिजे, रंग काढून.

प्रिंटर_पंडित
२५००. शेवटचं.