ऊसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांवर एचआयव्हीचं काम: फेरी आणि पथनाट्याच्या पुढे काय?

बालाघाट_गटप्रवर्तक
आमच्या उपकेंद्राखालच्या तीन वस्त्यांवरून दसऱ्यानंतर दीडेकशे कोयते (कोयता म्हणजे नवरा-बायकोची ऊसतोड जोडी) साखर कारखान्यांवर जातात. काही सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात. दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, शाळेची फेरी निघते, पण तेव्हा वस्तीवर उरतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. यंदा लोक जाण्याआधीच काही करायचंय. डोक्यात आहे ते असं: गणपतीत पथनाट्य, सप्ताहात कीर्तनकार महाराजांचे दोन शब्द, नवरात्रात हळदीकुंकवाला बायकांशी बोलणं, टोळ्या नेणाऱ्या मुकादमांकडे निरोधची पाकिटं आणि एक तपासणी शिबिर. यातलं काय चालेल, काय अंगलट येईल?

पाणंद
हळदीकुंकू आधी काढून टाका. विधवा तिथं येत नाहीत. एचआयव्हीनं नवरा गेलेली आणि स्वतःची तपासणी कदाचित कधीच न झालेली बाई नेमकी बाहेर राहते. त्यापेक्षा बचत गटाची बैठक घ्या. हप्ता भरायला सगळ्याच येतात.

कीर्तन चालेल, पण आधी महाराजांजवळ तासभर बसा. नुसतं ‘दोन शब्द बोला’ म्हणून सोडलं तर गाडी परस्त्री आणि कर्माच्या फळावर जाते. मग तपासणीला जाणं म्हणजे पाप कबूल करणं, असा अर्थ लोक घेतात. तीन गोष्टी पुरेत: तपासणी फुकट आणि गुप्त असते, गोळ्या रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, गरोदरपणी वेळेत औषध सुरू झालं तर बाळ वाचतं. औषधाविना बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, औषधानं ती ५ टक्क्यांच्या खाली येते. वस्तीत भारूड करणारं कुणी असेल तर पथनाट्यापेक्षा ते बरं. पथनाट्यात शेवटी सांगाडा नाचवायची खोड काही जात नाही.

मुकादमाकडे पाकिटं अजिबात नकोत. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, त्यानं दिलेली असते; कोण किती पाकिटं नेतं आणि का, हे त्याला कळलं की लोक मागायचेच थांबतात. टोळीतलंच एक जोडपं निवडा. तिशीच्या पुढचं, ज्यांच्याशी दीर-भावजया मोकळेपणानं बोलतात असं. पुरुषांना तो देईल, बायकांना ती.

हिशेबही आधी करा. १२ कोयत्यांची टोळी, आठवड्याला जोडीमागं दोन, २६ आठवडे, म्हणजे ६२४. शंभर देऊन निरोप दिला तर दिवाळीनंतर महिन्याभरात संपतात आणि कारखान्याच्या तळावर कुणाकडे मागायचे हे माहीत नसतं. ठेवायचे कुठं हेही सांगा: पत्र्याच्या पेटीत किंवा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर रबर उन्हानं खराब होतं. कोपीत (तळावरच्या झोपडीत) सावलीला टांगलेली कापडी पिशवी चांगली.

समुपदेशन_खिडकी
मला यातला सगळ्यात अवघड भाग वेगळाच वाटतो. लग्नात निरोध मागायला बाईकडे एकच सभ्य कारण असतं: पाळणा लांबवायचाय. पण या वस्त्यांत दोन-तीन लेकरांनंतर शस्त्रक्रिया झालेली असते, आणि काहींची गर्भपिशवीच काढलेली (२०१९ मध्ये बीडचा हा प्रश्न गाजला होता). तिनं निरोध काढला की नवरा म्हणतो, ‘माझ्यावर संशय, की तुझंच काही?’ म्हणून मागणी तिच्या तोंडून यायला लावू नका. ‘अंगावरून जाणं, खाज, जळजळ यावर उपचार चालू असेपर्यंत वापरा’ हे नवऱ्याला डॉक्टरनं सांगावं. लक्षणं असतील तर ते खरंही असतं, आणि दोघांचे उपचार एकदमच व्हायला हवेत. एकाचेच केले तर दुखणं परत येतं.

प्रात्यक्षिक लाकडी मॉडेलवर करा, केळ्यावर हसण्यातच वेळ जातो. मुदतीची तारीख बघणं, पाकीट कडेनं फाडणं, टोक चिमटीत धरून हवा काढणं, मुळापर्यंत उलगडणं, काम झाल्यावर ताठरपणा जाण्याआधी मूळ धरून बाहेर येणं. फाटतो तो बहुतेक दोन कारणांनी: टोकात हवा राहते, किंवा खोबरेल तेल लावतात. तेलानं रबर कमकुवत होतं. दोन एकावर एक घालणं हीसुद्धा चूकच.

बालाघाट_गटप्रवर्तक
मुकादम आणि हळदीकुंकू रद्द. शिबिरात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिनच्या रक्तातच एचआयव्ही उरकलं तर? वेगळं विचारलं की लोक पळतात.

तिसरी_चाचणी
नाही. एचआयव्ही-एड्सबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. शिवाय एकदा हे बाहेर फुटलं की पुढच्या वर्षी साखर तपासायलाही कुणी येणार नाही. एकाच रांगेत सगळं ठेवा, पण आडोशाला प्रत्येकाला स्वतंत्र विचारा.

जास्त घोटाळा निकालाच्या वेळी होतो. झटपट चाचणीचा निकाल अर्ध्या तासात येतो. बाकीच्यांना ‘जा’ म्हटलं आणि एकालाच बसवून ठेवलं, की वस्तीला कळलं. प्रत्येकाला आत बोलवा आणि सारखाच वेळ द्या, निकाल काहीही असो. शिबिरातली चाचणी प्रतिक्रियाशील आली, म्हणजे लागणीची शंका दाखवली, तरी ते निदान नव्हे. समुपदेशन व चाचणी केंद्रात वेगळ्या किटनं पुन्हा तपासून मगच पक्कं होतं.

वेळेचंही बघा. या चाचणीत नवी लागण दिसायला तीन महिने लागू शकतात. पाडव्याच्या सुमारास परतलेल्यांची तपासणी करा आणि ज्यांना नुकताच धोका झाला असेल त्यांची आषाढात पुन्हा.

आधीच गोळ्या चालू असलेल्यांसाठी एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं) दसऱ्याआधी महिनाभर बोलून ठेवा. प्रकृती स्थिर असेल तर एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. त्यापुढच्या गोळ्यांसाठी कारखान्याजवळचं केंद्र कोणतं ते आताच शोधा आणि उपचाराचं पुस्तक बरोबर द्या. हंगामात गोळ्या तुटतात त्या बहुतेक जानेवारीतच, साठा संपतो आणि मुकादम सुट्टी देत नाही म्हणून.

पाणंद
वरच्या जोडप्याबद्दल आणखी एक. कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीत १९९२ पासून आणि सांगलीत संग्राम या संस्थेच्या कामात, धंदा करणाऱ्या बायकांनीच निरोध वाटले आणि एकमेकींशी बोलल्या. एकटीनं नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्यांनी ठरवलं तर जाणार कुठं? तेव्हा जोडपं तुम्ही नेमू नका, टोळीलाच निवडू द्या. तुमच्या मर्जीतलं निवडलंत तर ते ‘सरकारी माणूस’ ठरतं. मदतीसाठी १०९७ हा फुकट क्रमांक दोघांना पाठ करायला सांगा, चिठ्ठ्या उसाच्या फडात टिकत नाहीत.