मोठा जिताडा गळाला लागला, तर ठेवावा की सोडावा?

खाडीकाठ:
नमस्कार. धरमतर खाडीच्या परिसरात मी हौसेखातर रॉड-रीलने मासे गरवतो. मासे विकत नाही, घरी लागतील तेवढेच ठेवतो आणि बाकीचे सोडून देतो. आमच्या गटाचा आजवरचा रिवाज असा, की लहान जिताडा सोडायचा आणि मोठा घरी न्यायचा. जिताड्याच्या बाबतीत हा रिवाज नेमका उलटा हवा, असे आमच्यातील एकाने परवा ठामपणे सांगितले आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे का? शिवाय दमवून काठापर्यंत आणलेला आठ-दहा किलोंचा मासा पाण्यात सोडल्यावर खरोखर जगतो का, की आपण केवळ स्वतःचे समाधान करून घेतो?

निवटी:
तुमच्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. जिताडा आधी बहुधा नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून प्रजननक्षम होतो आणि पुढे साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात त्याची मादी होते. त्यामुळे मीटरभर लांबीचा जो मासा फोटोसाठी उचलला जातो, ती बहुतेक वेळा लाखो अंडी घालणारी मादीच असते. पावसाळ्यात हे मासे खाडीच्या मुखाकडे उतरतात, कारण अंड्यांना सुरुवातीला खारे पाणीच लागते. नंतर उधाणाच्या भरतीबरोबर पिले कांदळवनात, खाजणांत, अगदी भातखाचरांपर्यंत शिरतात. खारेपाटातले, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीच्या पट्ट्यातले, शेतकरी हीच पिले तळ्यांत सोडून वाढवत आले आहेत, म्हणजे मोठ्या माद्या संपल्या तर तळ्यांचे बियाणेही आटणार.

ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात. तेथे क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठी बारामुंडी ठेवता येत नाही. मधल्या आकाराचीच घ्यायची. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, उदाहरणार्थ सुरमईसाठी ३७० मिलिमीटर, आणि ते पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते; पण किमान आकाराचा नियम पिलांना वाचवतो, वयस्क मादीला नाही. ती जबाबदारी हौशी माणसाने आपणहून घ्यावी, कारण त्याचे पोट त्या माशावर अवलंबून नसते.

हेकरू या खडकांत राहणाऱ्या माशाचे मात्र उलट आहे. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो, म्हणून एखाद्या खडपावरचे (पाण्याखालच्या खडकाळ जागेवरचे) सगळे थोराड हेकरू काढले, तर तेथे नरच उरत नाहीत.

खांदेरीचा वारा:
आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर चालते, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. खाडीतला जिताडा गळामुळे कमी झालेला नाही. कांदळवनावर पडणारे भराव, कारखान्यांचे सांडपाणी आणि बारीक आसाची जाळी यांनी खाडीचे जे नुकसान केले, त्यापुढे तुमच्या रॉडचा हिशेब किरकोळ आहे, आणि हे लक्षात न घेता कोणी आम्हांला संवर्धन शिकवू लागला की मनाला लागते.

तरीही एक विनंती आहे. १ जून ते ३१ जुलै आमच्या यांत्रिकी नौका बंदीमुळे किनाऱ्याला उभ्या असतात. नेमके त्याच दिवसांत सुट्टी काढून गाड्या भरून आलेले हौशी लोक खाडीच्या तोंडाशी ओळीने गळ टाकतात. वर निवटी यांनी सांगितले तसे जिताडा तेव्हाच अंडी घालायला खाली उतरलेला असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत तेवढी जागा सोडा. शिंगाळ्याचाही विचार करा: त्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो आणि गळाला लागून धडपडला, की बोराएवढी अंडी तोंडातून बाहेर टाकतो. असा मासा दिसताच त्याला लगेच पाण्यात सोडावे.

भांगाचे पाणी:
सोडलेला मासा जगतो का, एवढ्यापुरतेच लिहितो. जगतो, पण ते सर्वस्वी आपल्या हाताळणीवर आहे. जिवंत कोळंबी किंवा बोय लावणार असाल तर सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, वापरावा. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, घशात उतरत नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकावा. गळ खोल गिळलेलाच असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापावी. फार बारीक दोरीवर मासा तासभर खेळवण्यात कौशल्य दिसत असेल, पण त्यात तो इतका थकतो की सोडल्यावर सावरत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलेले आणि प्राणवायू कमी असताना तर अधिकच.

जड मासा जबड्याला धरून उभा टांगू नये, सारे वजन मणक्यावर येते. हात ओले करून एक हात पोटाखाली द्यावा आणि बोटे कल्ल्यांपासून दूर ठेवावीत, कारण जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणे पात्यासारखी धारदार असतात. फोटो मासा पाण्यातच असताना काढावा, मग तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवावे आणि तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत थांबावे.

खोल खडपावरून झपाट्याने वर ओढलेल्या तांबोशी-हेकरूंना मात्र हे लागू नाही. दाब कमी झाल्याने त्यांच्या आतली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येते, आणि सोडले तरी मासा पृष्ठभागावरच तरंगत राहतो. अशा जागी पकडून सोडण्याचा खेळ करूच नये. घरापुरते मिळाले की गळ गुंडाळावेत.